नदी-तळ्याकाठी बसून लँडस्केप करायचंय? मग आधी पाणी बघायला शिका

पाणी निळं असतं हे आपल्या डोक्यात शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून फिट्ट बसलेलं असतं. दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली निळी नदी, नदीत एक होडी. मग मोठेपणी कधीतरी हौसेने रंग घेऊन आपण खरंच नदीकाठी जाऊन बसतो आणि पहिल्या पाच मिनिटांत हात आपोआप निळ्या ट्यूबकडे जातो आणि चित्र तिथेच फसतं. माझी सुरुवातीची पंधरा-वीस चित्रं अशीच गेली, झाडं ठीक, आकाश बरं, आणि खाली पाण्याच्या जागी निळा डांबरी रस्ता. म्हणून हा लेख मी जरा उलटा लिहितेय, सामान वगैरे नंतर, आधी पाणी. मी बहुतेक वॉटरकलर वापरते त्यामुळे स्टेप्स त्याच आहेत, पण ऑइल किंवा ॲक्रिलिकवाल्यांना बघण्याचा भाग तसाच्या तसा लागू होतो.

पाण्यात नक्की दिसतं काय

तीन गोष्टी एकात एक मिसळलेल्या दिसतात. वरच्या जगाचं प्रतिबिंब, पाण्याच्या आतलं (तळ, गाळ, शेवाळ), आणि पृष्ठभागावरची हालचाल. यातलं काय किती दिसणार हे मुख्यतः तुमच्या नजरेच्या कोनावर ठरतं. पायाशी अगदी सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं, म्हणून तिथे गोटे, वाळू, एखादी सडलेली फांदी असं सगळं दिसतं. नजर लांब नेत गेलात, म्हणजे ती पाण्याला जवळजवळ घासून जायला लागली, साधारण १० अंशांच्या कोनात, की तेच पाणी एक तृतीयांशाच्या आसपास प्रकाश परत पाठवतं आणि त्याच्या पलीकडे आणखी जास्त. म्हणून एकाच तळ्याचा जवळचा भाग खाकी-हिरवा आणि लांबचा भाग आकाशाच्या रंगाचा दिसतो. हा बदल कागदावर आला की पाणी आडवं पडतं, नाही आला तर पाणी भिंतीसारखं उभं राहतं, मग वर कितीही लाटा काढा.

हे पटत नसेल तर काठावर उभं राहून बघा आणि मग तिथेच उकिडवं बसून बघा. बसल्यावर तळ गायब होतो आणि प्रतिबिंब वाढतं. त्यामुळे उभं राहून रंगवायचं की बसून हे सुरू करायच्या आधी ठरवायचं, मध्ये पाय दुखले म्हणून स्टूलवर बसलात तर समोरचं पाणीच बदललेलं असेल. आणि हो, पोलराइज्ड गॉगल घालून बसू नका! तो गॉगल पाण्यावरची चकाकी कापायलाच बनवलेला असतो, म्हणजे आपल्याला जे रंगवायचंय नेमकं तेच तो पुसून टाकतो. मी एकदा अख्खी सकाळ तो घालून बसले होते आणि चित्रातलं तळं असं आलं की जणू काचच नाही, नुसता तळ. एकदा घालून तळाचा रंग बघून घ्यायला मात्र तो मस्त, मग काढून ठेवायचा.

आता प्रतिबिंबाचा टोन, म्हणजे गडद-फिकेपणा. पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही, शिवाय पाण्याच्या आतला गाळ थोडा प्रकाश उधळत असतो आणि प्रतिबिंबात तो मिसळतो, त्यामुळे गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं फिकं आणि फिक्या वस्तूचं थोडं गडद होतं. पुस्तकी वाटतं, पण मला हे कळलं एका बगळ्यामुळे. उथळ पाण्यात एका पायावर उभा होता, उन्हात झगझगीत पांढरा. मी त्याच्यासाठी कागद पांढरा सोडला आणि खालच्या प्रतिबिंबासाठी पण तेवढाच पांढरा सोडला. काहीतरी खटकत होतं पण कळेना. मग डोळे बारीक करून दोन्ही एकदम बघितले तर वरचा बगळा पांढरा आणि खालचा चक्क जुन्या खाकी पाकिटाच्या रंगाचा, मानेच्या जागी तर जवळजवळ मातकट. एक पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, फिरवला आणि बगळा एकदम पाण्यात उभा राहिला. तेव्हापासून प्रतिबिंबाचा रंग मी कधी अंदाजाने लावत नाही.

दुसरी गंमत म्हणजे प्रतिबिंब हे वरच्या चित्राचा उलटा छाप नसतो. तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याच्या खाली असता तर समोरचं जसं दिसलं असतं, तसं ते दिसतं. म्हणून पुलाची खालची बाजू वरून दिसत नसली तरी पाण्यात दिसते, आणि काठापासून मागे असलेला डोंगर पाण्यात तेवढा उंच दिसत नाही, कारण काठावरची झाडं त्याला झाकतात. कागद मधोमध दुमडून ठसा मारल्यासारखी प्रतिबिंबं काढलेली चित्रं बघितली की लगेच कळतं की हा माणूस जागेवर बसलेला नाही. एक गोष्ट मात्र पक्की, कुठल्याही टोकाचं प्रतिबिंब त्याच्या सरळ उभ्या रेषेत खालीच येतं. वाकलेल्या खांबाचं प्रतिबिंब त्याच बाजूला वाकतं.

वारा सुटला की सगळा डाव बदलतो. लहरीचा जो उतार तुमच्याकडे वळलेला असतो तो आकाशाचा वरचा भाग दाखवतो, आणि निरभ्र दिवशी आकाश वर जास्त गडद असतं. म्हणून शांत पाण्यात क्षितिजाजवळचं फिकं आकाश दिसत असेल तर वाऱ्याचा पट्टा त्याच्यापेक्षा गडद दिसतो, पण शांत पाण्यात झाडांचं काळपट प्रतिबिंब असेल तर तोच वाऱ्याचा पट्टा त्यावर चांदीसारखा उजळ दिसतो. तेच तळं, तोच वारा, एकीकडे गडद पट्टा आणि दुसरीकडे उजळ! हे एकदा समजलं की पाण्यावरचे पट्टे मनाने मारायची सवय सुटते.

सावलीचंही असंच. गढूळ पाण्यावर झाडाची सावली स्पष्ट पडते कारण गाळाचे कण प्रकाश अडवतात. स्वच्छ खोल पाण्यावर ती जवळपास दिसतच नाही, तिथे दिसतं ते प्रतिबिंब. दोघांची दिशा वेगळी, सावली सूर्याच्या उलट पडते आणि प्रतिबिंब कायम तुमच्याकडे येतं. हे दोन गोंधळले की चित्रात दोन सूर्य असल्यासारखं वाटतं.

जागा कुठली घ्यायची

नदीचं वळण शोधा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आपटतं आणि काठ खालून खातं, आतल्या बाजूला वेग कमी होऊन वाळू-गोटे साचतात. आपण बसायचं आतल्या बाजूला. एक तर उतार सपाट असतो आणि पायाखालची जमीन पोकळ नसते, आणि दुसरं म्हणजे समोर तो कापलेला काठ, उघडी पडलेली मुळं, त्याखालचा गडद डोह असं सगळं आयतं मिळतं. बाहेरच्या काठावरून व्ह्यू उंच मिळतो हे खरं, पण तिथे खालची माती कधी निघून गेलीय हे वरून कळत नाही, म्हणून कडेला इझल (चित्र ठेवायचा स्टँड) लावून मागे-मागे सरकत चित्र बघायची आपली सवय तिथे महागात पडू शकते.

तळ्याला वळणं नसतात तर तिथे असा कोपरा बघायचा जिथून समोरचा काठ दीड-दोनशे पावलांवर असेल. अगदी पसरलेलं तळं बघायला भव्य असतं पण कागदावर नुसती आडवी पट्टी येते. लव्हाळे, पाणकणीस, अर्धवट बुडालेला ओंडका, एखादा धक्का, असं काहीतरी जवळ हवं ज्याच्यामुळे पाण्याची पातळी कुठे आहे ते कळेल.

डोळा किती उंचीवर आहे याने चित्राचा मूडच बदलतो. फ्रेंच चित्रकार दोबिन्यी याने १८५७ मध्ये एक होडीच स्टुडिओ करून टाकली आणि सीन आणि वाझ नद्यांवर फिरत चित्रं काढली, नंतर क्लोद मोनेनेही पॅरिसजवळच्या आर्जांतय इथे तशीच होडी केली आणि १८७४ मध्ये एदुआर मानेने त्याला त्या होडीत काम करताना रंगवलंय. मला आधी ही नुसती श्रीमंती हौस वाटायची. पण होडीतून डोळा पाण्यापासून जेमतेम हातभर-दोन हात वर असतो, मध्ये काठाचा चिखल नाही, तळ दिसत नाही, नुसतं प्रतिबिंबच प्रतिबिंब. ज्यांना आरशासारखं पाणी हवंय त्यांनी होडी नसली तरी पाण्याच्या जितकं खाली बसता येईल तितकं बसावं. ज्यांना नदीचं वळण, तिचा आकार दाखवायचाय त्यांनी पुलावर किंवा टेकाडावर चढावं.

सूर्य कुठे आहे तेही बघा. सूर्य समोर असेल तर पाण्यावर तुमच्याकडे येणारी चमचमती वाट मिळते आणि झाडं सगळी काळी छायाकृती, रंग कमी पण टोन जबरदस्त, नवशिक्यांना खरं तर हे सोपं जातं. सूर्य पाठीमागे असेल तर रंग खूप पण सगळं सपाट. मला बाजूचा सूर्य आवडतो. आणि कागदावर थेट ऊन येता कामा नये, पांढऱ्या कागदावरच्या उन्हाने डोळे दिपतात, रंग फिका वाटतो म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरी येऊन बघितलं की चित्र कोळसा. छत्री लावणार असाल तर पांढरी, करडी किंवा काळी घ्या. मी एकदा लाल छत्रीखाली बसून अख्खी हिरवाई बिघडवलीय.

सुरक्षिततेचं थोडक्यात: धरणाखालच्या नदीत पाऊस नसतानाही पाणी अचानक वाढू शकतं, भोंगा ऐकू आला किंवा पाण्याचा रंग-आवाज बदलला की चित्र राहू द्या आणि वर चढा. मी पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवते, अर्ध्या तासाने ती बुडालेली दिसली तर गाशा गुंडाळायचा. शेवाळलेल्या दगडावर स्टूल टेकवायचं नाही. वीज कडाडायला लागली तर पाणी आणि एकटं झाड दोन्हीपासून लांब. आणि कुठे बसणार आहात ते कोणालातरी सांगून जा.

सामान, आणि ते उडून कसं जाणार नाही

बॅग इतकीच भरा की ती घेऊन वीस मिनिटं चालता येईल. चांगली जागा गाडी लावायच्या जागेजवळ कधीच नसते.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन, म्हणजे जाड), शक्यतो कॉटन, थोडा खरखरीत. याच्यापेक्षा पातळ कागद वॉश लावला की पापडासारखा उचलतो आणि खळग्यात रंग साचतो. साइज लहान, क्वार्टर इम्पिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच हे कमाल धरा, सुरुवातीला त्याच्याही निम्मं. मोठा कागद घेऊन गेलात तर आकाश वाळेपर्यंत प्रकाश गेलेला असतो. ब्रश तीनच पुरतात, एक मोठा मॉप (जाड, मऊ केसांचा) किंवा बारा नंबरच्या आसपासचा राउंड (गोल, टोकदार), एक इंचाचा फ्लॅट (चपटा), आणि एक बारीक लांब केसांचा रिगर, लव्हाळ्यासाठी. फ्लॅट ब्रश विसरू नका, पाण्याचं अर्धं काम त्याचंच आहे.

रंग सहा-सात. अल्ट्रामरीन निळा, सेरुलियन किंवा कोबाल्ट निळा, यलो ओकर (मातकट पिवळा), एक लिंबू पिवळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक थंड लाल, आणि हवाच असेल तर सॅप ग्रीन. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्यातून जे करडे निघतात त्यावर माझी निम्मी नदी चालते. ट्यूबमधले रंग बाहेर नेण्याची सोय आपल्याला फुकटात मिळाल्यासारखी वाटते, पण दाबून रंग काढायची धातूची ट्यूब जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये पेटंट केली, त्याआधी ऑइलवाले डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत रंग भरून न्यायचे आणि ती टोचून रंग काढायचे. पिशवी फुटली की संपलं. तेव्हा ट्यूबचं झाकण हरवलं म्हणून फार रडू नका.

पाणी घरून न्या, लिटरभर तरी. समोर एवढी नदी असताना बाटली वाहायची हे विचित्र वाटतं पण नदीच्या पाण्यातला बारीक गाळ फिक्या वॉशमध्ये दिसतो. आणि ब्रश नदीत धुवायचा नाही, कॅडमियम, कोबाल्ट असल्या रंगांत धातू असतात, ते मासे आणि बेडकांच्या घरात कशाला. एक रिकामी झाकणाची बाटली न्यायची, घाण पाणी तिच्यात.

वारा हा इथला खरा शत्रू. पाण्यावरून येताना त्याला अडवायला काहीच नसतं. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग किंवा गोटे भरलेली पिशवी लटकवा, कागदाला चारही बाजूंनी टेप आणि वर दोन क्लिप. माझा एक बोर्ड चित्रासकट पाण्यात गेलाय, चित्राची बाजू खाली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो तरंगत तरंगत मधोमध जाऊन थांबला आणि मला पुढचा अर्धा तास तो बघत बसावा लागला. याशिवाय डासांचं मलम (बोटांच्या आतल्या बाजूला लावू नका, कागदाला लागलं तर तिथे रंग धरत नाही), कडा असलेली टोपी, चिंध्या, आणि पाण्याची स्प्रे बाटली.

पहिली वीस मिनिटं रंगाला हात लावायचा नाही

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तास बसलात तर ३० अंश, म्हणजे सुरुवातीची सावली शेवटी वेगळ्याच जागी. म्हणून आधी प्रकाश पकडून ठेवायचा आणि नंतर कितीही मोह झाला तरी त्याच्या मागे धावायचं नाही. मी करते ते असं, आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं, डोळे किलकिले करून, म्हणजे बारकावे जातात आणि मोठे डाग राहतात. मग काडेपेटीएवढ्या दोन-तीन चौकटींत पेन्सिलने फक्त तीन टोन, कागदाचा पांढरा, मधला करडा, आणि गडद. यात एकच प्रश्न सोडवायचा असतो, सगळ्यात उजळ जागा आकाशात आहे की पाण्यात? दोन्हीकडे सारखी उजळ ठेवलीत तर नजर वर-खाली हेलपाटे घालते. मला पाणी उजळ हवं असेल तर मी आकाश एक टोन खाली दाबते, निसर्गात तसं नसलं तरी.

याच छोट्या स्केचमध्ये सावल्यांची दिशा बाणाने आणि वेळ आकड्यात लिहून टाका. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, त्यातल्या बऱ्याच चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा असं लिहून ठेवलंय. ढग तळ्यातल्या पाण्याचा रंग दर मिनिटाला बदलतात, ढग सूर्यावर आला की पाण्याची चमक पण जाते, तेव्हा आपण ढग असतानाचं चित्र करतोय की नसतानाचं हे एकदा ठरलं की नको त्या वेळी हातातला ब्रश खाली ठेवायचा आणि थांबायचं.

आता ड्रॉइंग, यात झाडांपेक्षा नदीची रुंदी जास्त महत्त्वाची. सगळ्यांची होणारी चूक म्हणजे लांबची वळणं फार जाडी दाखवली जातात, मग नदी डोंगरावर टाकलेल्या पट्ट्यासारखी चढायला लागते. ब्रश हातभर लांब धरून मोजा. जवळचा पट्टा चार बोटं असेल तर पुढच्या वळणाचा पट्टा बोटभर आणि त्याच्या पुढचा नखाच्या कडेइतका, आणि काठाची रेष क्षितिजाकडे जाताना आडवी होत जाते. लांबचा काठ जवळजवळ पट्टीने मारल्यासारखा सपाट असतो, तिथे हात वळू द्यायचा नाही. तळ्याचा पलीकडचा काठ तर अक्षरशः आडवा काढा, एका बाजूला मिलिमीटरभर जरी कलला तरी पाणी सांडल्यासारखं वाटतं.

रंगवणं

आकाश आणि पाणी एकाच दमात. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही, सगळे आकाश करतात, मग झाडं, मग उरलेल्या जागेत पाणी भरतात. त्याऐवजी बोर्ड थोडा उतरता ठेवा, वरून आकाशाचा वॉश खाली आणा, क्षितिजाजवळ पाणी वाढवून फिका करा, त्यात चिमूटभर ओकर, आणि न थांबता पलीकडच्या काठावरून तसाच पाण्यात उतरवा, खाली येता येता पुन्हा गडद करत जा. जवळच्या पाण्यात आकाशाचा वरचा गडद भाग आणि तळाचा रंग दोन्ही येतात, म्हणून खालच्या कडेला बर्न्ट सिएना किंवा ओकर थोडा मिसळू द्या. चमक जिथे हवी तिथे कागद कोरडा सोडायचा, पांढरा रंग नंतर लावू हा विचार सोडा, लावता येतो पण तो खडूसारखा दिसतो.

मग थांबा. खरंच थांबा. पाण्याजवळ पहाटे हवेत इतका दमटपणा असतो की एक वॉश वाळायला अर्धा तास लागतो, आणि दुपारी वाऱ्यात तोच तीन मिनिटांत वाळतो, त्यामुळे घड्याळ उपयोगाचं नाही. कागदावरची चमक तिरकं बघून तपासा, आणि चमक गेल्यावर बोटाची मागची बाजू हलकेच लावा. गार लागला तर आत ओल आहे. या अर्धवट अवस्थेत पातळ पाणीदार रंग लावला की फुलकोबीसारख्या कडा उमटतात, लावायचाच असेल तर दाट लावा. दुपारी उलटं, ब्रश टेकेपर्यंत कड वाळलेली, तेव्हा स्प्रे मारा आणि मोठा ब्रश घ्या.

लांबचे डोंगर, लांबची झाडं फिकी, करडी. त्यांचं काम पटकन उरका.

आता मुख्य कसरत, मधली झाडं आणि त्यांचं प्रतिबिंब. झाडाचा डाग दाट रंगाने लावा, सॅप ग्रीन नुसता वापरू नका, त्यात बर्न्ट सिएना घातला की तो जागेवर येतो. पाण्याच्या रेषेशी आला की केसाएवढी फट सोडा किंवा फक्त ब्रश उचला, आणि झाड ओलं असतानाच खाली प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी ओढा, रंग झाडाचाच पण जरा पातळ आणि जरा मातकट. मग फ्लॅट ब्रश धुवून पिळून घ्या, नुसता दमट राहिला पाहिजे, आणि प्रतिबिंबातून आडवा एकदाच ओढा. एकदा, फार तर दोनदा. उभे फटकारे खोली देतात आणि तो एक आडवा पृष्ठभाग देतो. इथे हात थांबत नाही हे मला माहितीये, छान दिसतंय म्हणून अजून एक, अजून एक, आणि सगळा चिखल. मी तर एक ओढला की ब्रश तोंडात धरायचे, आता तो सरळ मागे गवतात टाकते.

लहरी असतील तर प्रतिबिंब तुमच्याकडे लांबत येतं आणि त्याच्या कडा तुटतात. म्हणून त्या दिवशी झाडापेक्षा प्रतिबिंब लांब दिसलं तर तसंच काढा, डोळ्यावर विश्वास ठेवा. लहरी काढताना लांबच्या बारीक आणि जवळजवळ, जवळच्या मोठ्या आणि विरळ, आणि सगळीकडे तर अजिबात नाही. पाण्याचा निम्मा भाग मोकळा राहिला पाहिजे.

चमचमाट हवा असेल तर ब्रशमध्ये दाट रंग घ्या, फडक्यावर टिपा, ब्रश जवळजवळ आडवा धरून कोरड्या खरखरीत कागदावरून झपकन फिरवा. रंग उंचवट्यांवर बसतो, खड्ड्यांत पांढरं राहतं आणि तीच चमक. हळू फिरवलात तर सगळं भरून जातं. रद्दी कागदावर चार वेळा करून बघा मगच चित्रावर या.

वाहतं पाणी, खळाळ, याला सगळे घाबरतात कारण ते हलतंय. पण एक मिनिट एकाच दगडाकडे बघा. पाणी जातं पण दगडामागची लाट तिथेच उभी असते, तिचा आकार जवळपास तोच राहतो. म्हणजे तिचं ड्रॉइंग करता येतं! दगडावरून घसरणारं पाणी काचेसारखं गुळगुळीत आणि गडद, त्याच्या खाली फुटणारा फेस पांढरा, आणि फेसाची सावलीकडची बाजू निळसर करडी. फेस सगळा पांढरा ठेवला की कापूस वाटतो. फटकारे प्रवाहाच्या दिशेनेच मारायचे.

शेवटी जवळचं. पाण्यातल्या दगडाला पाण्याच्या रेषेवर ओला गडद पट्टा असतो, तो दिला की दगड पाण्यात बसतो, नाही दिला तर वर ठेवल्यासारखा दिसतो. लव्हाळे रिगरने, मुळाकडून टोकाकडे, दोन-चार मोडलेले हवेतच, मोडलेल्या पात्याचं प्रतिबिंब मिळून जो कोन तयार होतो ना, कधी कधी सगळ्या चित्रात तेवढंच बघावंसं वाटतं. आणि काठ आणि पाणी भेटतात तिथे एक बारीक गडद रेष, पण तुटक. अखंड मारली की वायर.

ऑइल आणि ॲक्रिलिकवाल्यांसाठी

ऑइलमध्ये गडदाकडून उजळाकडे जा, आधी प्रतिबिंबाचे गडद डाग पातळ लावून घ्या, त्यात आकाशाचे तुकडे दाट आडवे टाका. ओल्यातच ओलं असल्यामुळे ती आडवी ओढ इथे वॉटरकलरपेक्षा सोपी जाते. ओली पाटी न्यायला दोन पाट्यांच्या मध्ये कॉर्कचे तुकडे लावून बांधता येतं. अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून बॅगेत कोंबू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात, घरी पसरून वाळवा. ॲक्रिलिक वाऱ्यात पॅलेटवरच सुकतं, ओल्या स्पंजाच्या पॅलेटशिवाय जाऊ नका.

उठताना

फोटो एक काढा पण त्यावरून रंग दुरुस्त करू नका, फोन सावल्या काळ्या करतो आणि उजळ पाणी सरळ पांढरं. घाण पाण्याची बाटली बंद करा, टेपचे तुकडे उचला, ट्रायपॉडला लटकवलेले गोटे होते तिथे परत ठेवा. चित्राच्या मागे वेळ, वारा, ढग लिहा. टेप घरी जाऊन काढा, ओल्या कागदावरून ओढली तर कड फाटते.

अर्धवट राहिलं असेल तर घरी बसून पुरं करायची घाई नको. आकाश तसंच राहिलं तर तीन-चार दिवस त्याच वेळी त्याच जागी प्रकाश जवळपास तोच असतो, तेव्हा मागे लिहिलेली वेळ बघून पंधरा मिनिटं आधी जाऊन बसा, आणि स्टूल कुठे होतं ते सापडावं म्हणून आज उठतानाच तिथे तीन गोटे मांडून ठेवा.